ट्यूब हेडफोन अ‍ॅम्पचा आवाज आणि व्होल्टेज : पारख कशी करायची?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी,

हाताने बांधलेला एक ट्यूब हेडफोन अ‍ॅम्प मित्राकडून माझ्याकडे आलाय. पुढे एक १२एयू७ ट्यूब (निर्वात नळी), मागे एक ६०८०, आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही. दोन्ही दुहेरी ट्रायोड (एका काचेत दोन भाग, प्रत्येकात कॅथोड, ग्रिड आणि प्लेट), त्यामुळे प्रत्येकीचा अर्धा भाग डाव्या चॅनलला आणि अर्धा उजव्याला. १२एयू७ ची प्लेट थेट ६०८० च्या ग्रिडला जोडली आहे, मध्ये कपॅसिटर नाही. ६०८० कॅथोड फॉलोअर म्हणून चालते. तिच्या कॅथोडला ३ किलोओहमचा रझिस्टर आहे आणि तिथून १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून हेडफोनला सिग्नल जातो. हेडफोन सेनहायझर एचडी ६००, म्हणजे ३०० ओहमचा.

आवाज मला मनापासून आवडलाय. गाण्यातला श्वास, तंबोऱ्याची जवारी, सगळं अंगावर येतं. पण गाणाऱ्याचा आवाज बरोबर मध्यात बसत नाही, थोडा डावीकडे सरकलेला वाटतो. उजवी बाजू जरा दबकी आहे, आणि गंमत म्हणजे तीच जास्त स्वच्छ वाटते. शिवाय गाणं थांबलं की बारीक गुणगुण ऐकू येते.

अ‍ॅम्पसोबत सर्किटची आकृती मिळाली, त्यावर व्होल्टेज लिहिलेली आहेत. बी प्लस (ट्यूबना मिळणारा मुख्य डीसी पुरवठा) १५८, १२एयू७ च्या दोन्ही प्लेट ७३. मी मोजलं तर बी प्लस १७०, डावी प्लेट ७८ आणि उजवी ९४.

हा १६ व्होल्टचा फरक कानाला कळतो का? १२एयू७ दमली असेल तर बदलू का? आणि मुळात एखादा ट्यूब अ‍ॅम्प "बरोबर" वाजतोय हे ठरवायचं कशावरून?

उजेड

धागा छान आहे, पण पुढे मोजमापं मागितली जाणार हे दिसतंय, म्हणून आधी हे वाचा.

१७० व्होल्ट डीसी जीव घेऊ शकतात. मल्टिमीटरची काळी तार अ‍ॅम्प बंद असतानाच मगर-क्लिपने ग्राउंडला लावून टाका. मग अ‍ॅम्प चालू करून फक्त उजव्या हाताने लाल प्रोब टेकवा, डावा हात खिशात. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. प्रोबचं टोक लांब उघडं असेल तर त्यावर आवरण चढवा. ट्यूबच्या सॉकेटवर पिना इतक्या जवळ असतात की टोक जरा सरकलं तर दोन पिना जुळतात.

बंद केल्यावर लगेच हात घालायचा नाही. कपॅसिटर भरलेले असतात. ब्लीडर रझिस्टर (बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा करणारा) आहे का बघा. उदाहरणार्थ २२० मायक्रोफॅरडवर १०० किलोओहमचा ब्लीडर असेल तर १७० व्होल्ट २० च्या खाली यायला पाऊण मिनिटाहून जास्त लागतं. ब्लीडर नसेल तर चार्ज कितीतरी वेळ टिकतो. म्हणून वेळ मोजत बसू नका. मीटर बी प्लसला लावून ठेवा आणि आकडा उतरलेला डोळ्यांनी बघा, मगच हात आत.

आणि हो, १२एयू७ काढून अ‍ॅम्प चालू करू नका. थेट जोडणीत तिची प्लेटच ६०८० चं ग्रिड धरून ठेवते. ती नसली की ग्रिड पूर्ण बी प्लसवर जातं, कॅथोड दीडशेच्या वर चढतो आणि एरवी साडेतीन वॅटसुद्धा न तापणाऱ्या त्या ३ किलोओहमच्या रझिस्टरवर आठ वॅट पडतात. तो पाच वॅटचा असेल तर जळेल.

मंद्रसप्तक

@उजेड ताई, मनापासून आभार. ब्लीडर आहे. काळी तार क्लिपनेच लावतो.

शांतश्रोता

माझं मत थोडं वेगळं आहे. व्होल्टेज बघून आवाज कळत नाही. आकृतीतल्या आकड्यांशी तंतोतंत जुळणारे अ‍ॅम्प कोरडे वाजलेले मी ऐकलेत, आणि दहा-पंधरा व्होल्ट इकडेतिकडे असलेले अप्रतिम वाजलेले ऐकलेत. ट्यूबच्या सर्किटात दहा टक्के फरक चालतोच.

आवाज डावीकडे सरकतोय म्हणताय, तर आधी अ‍ॅम्पच दोषी आहे हे पक्कं करा. हेडफोन उलटा घाला. तरीही आवाज डाव्याच कानाकडे राहिला तर अ‍ॅम्पचा संबंध नाही, कानाचा फरक असू शकतो. उजवीकडे गेला तर दोष हेडफोनमध्ये किंवा त्याच्या मागे आहे. मग हेडफोन सरळ घालून इनपुटच्या दोन केबल आपसात बदला. आवाजाचा कल बदलला तर दोष प्लेअरकडे किंवा रेकॉर्डिंगमध्ये, नाही बदलला तर अ‍ॅम्प किंवा हेडफोन. दुसरा एखादा हेडफोन लावून बघितलात की तोही प्रश्न सुटतो.

व्हॉल्यूमचा पॉटही बघा. दुहेरी पॉटच्या दोन बाजू अगदी कमी आवाजाला एकमेकींशी जुळत नाहीत, हे सर्रास आढळतं. पॉट थोडा वर नेल्यावर आवाज मध्यात येत असेल तर ट्यूबला हात लावायची गरज नाही.

हे सगळं कानाने होतं, झाकण न उघडता.

जुना_रेडिओ

शांतश्रोता, तुमच्या तपासण्या एकदम योग्य. पण "व्होल्टेज बघून आवाज कळत नाही" हे अर्धंच खरं आहे. ट्यूबला जिथे चालवायचं ठरलंय तिथेच ती चालते आहे का, एवढं व्होल्टेजवरून नक्की कळतं. ते माहीत नसताना ऐकून दिलेलं मत ट्यूबबद्दलचं आहे, सर्किटबद्दलचं आहे की बिघाडाबद्दलचं, हे सांगता येत नाही.

दहा टक्के चालतात हेही खरं, पण कुठले दहा टक्के? बी प्लस वर गेला तर दोन्ही चॅनल सोबत वर जातात. इथे तसं झालेलं नाही. १५८ चे १७० झाले, म्हणजे साडेसात टक्के वाढ. त्या हिशोबाने ७३ ची प्लेट ७८ ला जायला हवी, आणि डावी बरोबर तिथेच आहे. उजवी ९४ वर का गेली, त्याला वेगळं कारण हवं. आकृतीशी तुलना करण्याआधी दोन चॅनलची एकमेकांशी तुलना करावी ती याचसाठी. स्टिरिओ अ‍ॅम्पमध्ये एक बाजू दुसरीची साक्षीदार असते.

ओहमकार

@मंद्रसप्तक, प्लेट रझिस्टर किती किलोओहमचा आहे? १२एयू७ च्या दोन्ही कॅथोडवर किती व्होल्ट आहेत? ६०८० च्या कॅथोडवर किती? अ‍ॅम्प चांगला तापू द्या, मग मोजा. मेन्सही (घरात येणारी वीज) मोजा.

मंद्रसप्तक

हेडफोन उलटा घातला, आवाज उजवीकडे गेला. दुसऱ्या हेडफोनवरही कल डावीकडेच. इनपुट केबल बदलल्या, काहीच फरक नाही. पॉट कुठेही असला तरी तसंच.

प्लेट रझिस्टर दोन्हीकडे २२ किलोओहम (अ‍ॅम्प बंद करून, बी प्लस शून्यावर आल्यावर तपासले, दोन्ही बरोबर). १२एयू७ चा कॅथोड : डावा १.७१ व्होल्ट, उजवा २.८२. ६०८० चा कॅथोड : डावा ९९, उजवा १०९. मेन्स २३८ येतात, ट्रान्सफॉर्मरवर २२० लिहिलंय. ट्यूबच्या हीटरवर (कॅथोड तापवणारी तार) ६.७२ व्होल्ट एसी.

ओहमकार

छान मोजलंत. आता फक्त ओहमचा नियम.

डावीकडे प्लेट रझिस्टरवर १७० वजा ७८, म्हणजे ९२ व्होल्ट पडतात. भागिले २२ किलोओहम, ४.१८ मिलिअँपिअर. हाच प्रवाह कॅथोडमधून जातो. १.७१ भागिले ४.१८ मिलिअँपिअर, म्हणजे कॅथोड रझिस्टर ४०९ ओहम.

उजवीकडे ७६ व्होल्ट पडतात, म्हणून ३.४५ मिलिअँपिअर. २.८२ भागिले ३.४५ केलं की ८१७ ओहम.

उजवा कॅथोड रझिस्टर डाव्याच्या दुप्पट आहे! ट्यूबचा तो भाग दमला असता तर प्रवाह कमी झाला असता, पण त्याबरोबर कॅथोडचे व्होल्टही उतरले असते. इथे प्रवाह कमी आणि कॅथोडचे व्होल्ट जास्त. हे ट्यूब करूच शकत नाही. ट्यूब विकत घ्यायला धावू नका.

आकृतीत कॅथोडला काय दाखवलंय?

मंद्रसप्तक

प्रत्येक बाजूला ८२० ओहमचे दोन रझिस्टर समांतर.

ओहमकार

मग झालंच. ८२० चे दोन समांतर म्हणजे ४१०. उजवीकडच्या जोडीतला एक लागलेलाच नाही. बहुतेक सोल्डरचा जोड कोरडा आहे. अ‍ॅम्प बंद, कपॅसिटर रिकामे, आणि मीटर ओहमवर ठेवून कॅथोडची पिन ते ग्राउंड मोजा. गार ट्यूब प्रवाह नेत नाही, त्यामुळे ती सॉकेटमध्ये असली तरी आकडा खरा येईल.

बायपास कपॅसिटर आहे का त्या रझिस्टरवर?

मंद्रसप्तक

नाही, बायपास नाही. मोजलं : डावीकडे ४०८, उजवीकडे ८१६. भिंगातून बघितलं तर एका रझिस्टरच्या पायाभोवती सोल्डरमध्ये केसासारखी गोल चीर आहे. लाकडी काडीने पाय हलवला की मीटर ८१६ वरून ४०८ वर येतो आणि सोडला की परत जातो.

विद्युल्लता

वाचनखूण साठवली. दोन मल्टिमीटर वाचनांवरून न दिसणारा जोड सापडतो हे वाचून हुरूप आला. ६०८० च्या कॅथोडमध्ये दहा व्होल्टचा फरक होता, त्याचं काय? तोही बिघाड का?

ओहमकार

नाही, तो याच बिघाडाचा पुढचा परिणाम. थेट जोडणी असल्यामुळे ग्रिड वर गेलं की कॅथोडही त्याच्यामागे वर जातो. डावीकडे ९९ भागिले ३ किलोओहम, म्हणजे ३३ मिलिअँपिअर. उजवीकडे ३६. दोन्ही भागांवर सव्वादोन वॅटच्या आसपास ताप पडतोय, आणि ६०८० चा एकेक भाग १३ वॅट झेलू शकतो. ट्यूब आरामात आहे.

एक सांगून ठेवतो. ६०८० आणि ६एएस७ मुळात वीजपुरवठा स्थिर राखणाऱ्या सर्किटसाठी बनवलेल्या ट्यूब. एकाच काचेतले दोन भाग तंतोतंत सारखे असण्याची तिथे गरज नव्हती. त्यामुळे पुढे दुसरी ६०८० लावलीत आणि दोन कॅथोडमध्ये पाच-सात व्होल्टचा फरक दिसला, तर घाबरू नका. १२एयू७ च्या प्लेट सारख्या असताना तो फरक ६०८० चाच.

शांतश्रोता

पटलं. कल डावीकडे का होता तेही कळलं, उजवीकडचा गेन (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) कमी झाला असणार. पण एक गोष्ट सुटत नाही. मंद्रसप्तक म्हणतात उजवी बाजू जास्त स्वच्छ वाटत होती. बिघडलेली बाजू जास्त स्वच्छ कशी?

जुना_रेडिओ

फार चांगला प्रश्न विचारलात. त्यांनी ऐकलं ते खरंच होतं.

कॅथोड रझिस्टरवर बायपास कपॅसिटर नसतो तेव्हा सिग्नलचा थोडा भाग त्या रझिस्टरवरच पडतो आणि ग्रिडच्या सिग्नलला विरोध करतो. ही स्थानिक निगेटिव्ह फीडबॅक झाली. रझिस्टर दुप्पट झाला की फीडबॅक वाढते, गेन उतरतो आणि विकृतीही उतरते. १२एयू७ चा मू (ट्यूबचा स्वतःचा वर्धनांक) साधारण १८ धरला, प्लेटची अंतर्गत रोधकता नऊ-साडेनऊ किलोओहम धरली, तर ४१० ओहमला गेन १० च्या थोडा वर येतो आणि ८२० ला साडेआठच्या आत. दीड-पावणेदोन डेसिबलचा फरक झाला. गाणाऱ्याचा आवाज मध्यातून हलायला तो भरपूर आहे.

सिंगल ट्रायोडची विकृती बहुतेक दुसऱ्या हार्मोनिकची असते, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर. म्हणून ती टोचत नाही, आवाज भरीव करते. डावीकडे ती जास्त होती आणि शिवाय आवाजही मोठा, म्हणून डावी बाजू "भरलेली" वाटली. उजवीकडे ती कमी, म्हणून "स्वच्छ, पण दबकी". कानाने दोन्ही गोष्टी टिपल्या. त्यांतलं किती विकृतीचं आणि किती नुसत्या डेसिबलचं, हे मात्र कान वेगळं करू शकत नाही. एक डेसिबलहून कमी फरकसुद्धा "मोठा" असा न जाणवता "चांगला" किंवा "मोकळा" असा जाणवतो. दोन ट्यूबची किंवा दोन अ‍ॅम्पची तुलना करताना पातळी जुळवली नसेल, तर ऐकून काढलेल्या निष्कर्षाला मी किंमत देत नाही.

मंद्रसप्तक

जोड पुन्हा सोल्डर केला. जुनं सोल्डर ओढून काढलं, पाय घासला, नवीन लावलं.

आता डावी प्लेट ७८, उजवी ८०. कॅथोड १.७१ आणि १.६८. आवाज मध्यात! दोन तंबोरे आता एकमेकांपासून वेगळे, आणि गाणारा त्यांच्यामध्ये समोर.

जुना_रेडिओ काका, पातळी जुळवायची कशी ते जरा सविस्तर सांगाल का? मला आता दुसरी एक १२एयू७ लावून बघायची आहे.

जुना_रेडिओ

सांगतो. फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून साइन टोन वाजवा, २०० हर्ट्झच्या आसपासचा. साध्या मल्टिमीटरचं एसी वाचन काही शे हर्ट्झच्या पुढे भरवशाचं राहत नाही, म्हणून हजार हर्ट्झचा टोन घेऊ नका. आउटपुटला हेडफोनऐवजी ३०० ओहमचा रझिस्टर लावा आणि त्याच्यावर एसी व्होल्ट मोजा. पहिल्या ट्यूबला एक व्होल्ट येईल असा पॉट ठेवा. ट्यूब बदलल्यावर, ती तापल्यावर, पॉट फिरवून परत तोच एक व्होल्ट आणा. आकडा एका टक्क्यात जुळला की फरक ०.१ डेसिबलच्या आत येतो. मग हेडफोन लावा आणि ऐका.

लोडशिवाय, म्हणजे तो रझिस्टर न लावता, मोजलेला आकडा इथे चालत नाही. या अ‍ॅम्पची आउटपुट रोधकता बरीच आहे, आणि ट्यूबागणिक ती बदलते.

मंद्रसप्तक

केलं. ३०० ओहमवर डावा १.०० व्होल्ट, उजवा ०.९९. कुतूहल म्हणून उजवीकडचा एक रझिस्टर मुद्दाम सुटा करून मोजलं, ०.८३ आले. नंतर परत जोडला.

ओहमकार

०.८३ म्हणजे १.६ डेसिबल खाली. काकांनी आधी हिशोबाने सांगितलं तेच मीटरने दाखवलं. आता आउटपुटवरचा ३०० ओहमचा रझिस्टर काढून, लोडशिवाय आउटपुटवर किती व्होल्ट येतात तेही मोजा.

मंद्रसप्तक

डावीकडे लोडशिवाय १.५० व्होल्ट.

ओहमकार

मग आउटपुट रोधकता १५० ओहम. सूत्र सोपं आहे : लोडशिवायचे व्होल्ट वजा लोडसहितचे, भागिले लोडसहितचे, गुणिले लोड. म्हणजे ०.५ गुणिले ३००.

षड्ज

१५० ओहम आणि त्यात कपॅसिटर फक्त १०० मायक्रोफॅरड. मग खर्ज कापला जात असणार. मी ३२ ओहमचा हेडफोन वापरतो. १०० मायक्रोफॅरड आणि ३२ ओहमचा हिशोब केला तर ५० हर्ट्झच्या खाली सगळं उतरतं. कपॅसिटर मोठा केला पाहिजे ना?

ओहमकार

हिशोबात अ‍ॅम्पची स्वतःची रोधकता धरायला हवी. कपॅसिटर, अ‍ॅम्पचे १५० ओहम आणि हेडफोन हे तिन्ही एकापाठोपाठ एक आहेत. १५० अधिक ३२, म्हणजे १८२ ओहम धरलेत तर कटऑफ (ज्याच्या खाली आवाज उतरू लागतो ती जागा) ९ हर्ट्झच्या जवळ येतो. एचडी ६०० सोबत साडेतीन हर्ट्झ. कपॅसिटरमुळे खर्ज कुठेच कापला जात नाही.

अडचण दुसरीकडे आहे. हेडफोनची रोधकता सगळ्या स्वरांना सारखी नसते. डायनॅमिक हेडफोनचा पडदा खालच्या बाजूला एका ठिकाणी घुमतो आणि तिथे रोधकता वर जाते. एचडी ६०० ची ३०० ची जवळपास ५०० होते, साधारण शंभर हर्ट्झच्या आसपास. १५० ओहमच्या अ‍ॅम्पवर तिथे सव्वा डेसिबलचा उंचवटा मिळतो. ट्यूब अ‍ॅम्पवर या हेडफोनचा आवाज जो "उबदार" वाटतो, त्यातला बराचसा ट्यूबच्या जादूचा नसून याच उंचवट्याचा असतो. मला तो आवडतो, पण तो कुठून येतो हे माहीत असावं.

आता ३२ ओहमचा हेडफोन, समजा त्या ठिकाणी ९० ओहमला जातो. तोच हिशोब केला तर उंचवटा साडेसहा डेसिबलचा! खर्ज कमी होत नाही, उलट फुगतो, ढिला होतो आणि मधल्या स्वरांवर सांडतो. शिवाय १५० आणि ३२ च्या वाटपात हेडफोनला सिग्नलचा पाचवा हिस्सासुद्धा धड मिळत नाही. कपॅसिटर मोठा करून यातलं काहीच सुधारणार नाही. उलट अ‍ॅम्प चालू करताना हेडफोनमधून जाणारा चार्जिंगचा धक्का वाढेल.

उजेड

त्या धक्क्याबद्दल पुरवणी. गार असताना १२एयू७ प्रवाह घेत नाही, तिची प्लेट पूर्ण बी प्लसवर असते आणि ६०८० चा कॅथोड तापता तापता आधी खूप वर जाऊन मग खाली येतो. ही सगळी हालचाल आउटपुट कपॅसिटरमधून हेडफोनवर जाते. म्हणून हेडफोन मागाहून लावायचा. लावण्याआधी आउटपुटवर डीसी मोजा. कपॅसिटरनंतर ग्राउंडला एक मोठा रझिस्टर असायला हवा, तो असला तर अ‍ॅम्प तापल्यावर काही मिलिव्होल्टच उरतात. आकडा शून्याकडे न जाता शेकडो मिलिव्होल्टवर थांबला तर कपॅसिटर गळतोय, हेडफोन लावू नका.

मंद्रसप्तक

तापल्यावर ३ मिलिव्होल्ट. निर्धास्त झालो.

आता उरली गुणगुण. जोड दुरुस्त केल्यावरही ती आहेच, दोन्हीकडे सारखी. आणि हीटरचे ६.७२ व्होल्ट जास्त आहेत का?

जुना_रेडिओ

६.३ च्या दहा टक्के वर म्हणजे ६.९३. तुम्ही आत आहात, पण काठाशी. मेन्स रात्री अजून चढत असतील तर बाहेर जाल. हीटर जास्त तापला की कॅथोडवरचा लेप लवकर झिजतो आणि ग्रिडही तापून किंचित प्रवाह सोडू लागतं. कमी तापला तरी नुकसानच, म्हणून ६.३ च्या जवळच राहावं.

उपाय सोपा आहे. ६०८० चा हीटर २.५ अँपिअर घेतो, १२एयू७ चा ०.३. एकूण २.८. तुम्हाला ०.४२ व्होल्ट पाडायचे आहेत. ०.१५ ओहमचा पाच वॅटचा रझिस्टर हीटरच्या तारेत टाका. त्यावर सव्वा वॅटच्या आत ताप पडेल. मोजमाप ट्यूबच्या पिनांवर करा, ट्रान्सफॉर्मरच्या टोकांवर नको. पावणेतीन अँपिअरला बारीक तारेतही व्होल्ट पडतात. आणि ट्यूब काढून मोजू नका, लोड नसला की वाइंडिंग नेहमीच जास्त दाखवतं.

बी प्लस १७० आहे तो राहू द्या. फिल्टर कपॅसिटर किती व्होल्टचे आहेत तेवढं बघा. ट्यूब गार असताना बी प्लस याहून बराच वर जातो, आणि कपॅसिटरला तो झेपायला हवा.

गुणगुणीचा स्वर ओळखता का? तुमचा कान तयार आहे, म्हणून विचारतो. मेन्स ५० हर्ट्झची असेल तर ५० चा खोल घुमारा आणि १०० चा एक सप्तक वरचा, जरा खरखरीत आवाज, हे वेगळे कळतात. फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतरचा रिपल (डीसीवर उरलेली लहर) नेहमी मेन्सच्या दुप्पट असतो. म्हणून वरचा स्वर असेल तर फिल्टर कपॅसिटरकडे बघा. खालचा असेल तर हीटर, ग्राउंड किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र.

मंद्रसप्तक

ट्यूनरचं अ‍ॅप जवळ धरून पाहिलं. खालचा आहे, ५०. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढाच. इनपुट केबल काढली तरी तेवढाच.

जुना_रेडिओ

केबल काढूनही राहिला म्हणजे ग्राउंड लूप नाही. व्हॉल्यूम शून्यावर असताना आहे म्हणजे पॉटच्या पुढे कुठेतरी शिरतोय. बहुतेक हीटर. हीटरचं वाइंडिंग ग्राउंडला कुठे जोडलंय?

मंद्रसप्तक

एक टोक थेट ग्राउंडला.

जुना_रेडिओ

तिथेच आहे. ते टोक ग्राउंडवरून सोडवा. शंभर-शंभर ओहमचे दोन रझिस्टर घ्या, एकेक वाइंडिंगच्या दोन टोकांना, आणि दोघांचा मधला सांधा ग्राउंडला. आता एक टोक वर जाताना दुसरं तेवढंच खाली जातं आणि १२एयू७ च्या कॅथोडवर पडणारी गुणगुण पुष्कळशी आपसात कटते. हीटरच्या तारा घट्ट पिळून चासिसच्या कोपऱ्यातून न्या, ग्रिडच्या तारेला समांतर नको. ट्यूबच्या पिनांपर्यंत पीळ सुटू देऊ नका.

शांतश्रोता

हे सगळं झाल्यावर माझ्याकडून एक विनंती. पातळी जुळवून दोन ट्यूब ऐकाल तेव्हा झटपट अदलाबदल करूनच थांबू नका. ट्यूब गार करून बदलायला वेळ जातो आणि तेवढ्यात कान आधीचं विसरतो. त्यापेक्षा एकाच ट्यूबवर काही दिवस नेहमीचं संगीत ऐका, मग दुसरी लावा. पहिल्या मिनिटात "चमकदार" वाटलेली ट्यूब तासाभराने डोकं धरायला लावते का, हे असंच कळतं. "स" आणि "श" ऐका, ते जिभेवर राहतात की कानात घुसतात. तबल्याच्या बायाँची मींड ऐका, खाली जाताना स्वर धरून राहतो की नुसता धबधब होतो. आणि गाणं बंद असताना काचेवर पेन्सिलीच्या रबराने हलकेच टिचकी मारा. हेडफोनमध्ये घंटेसारखा नाद उमटला तर ती ट्यूब मायक्रोफोनिक आहे. पुढच्या जागी ती चालणार नाही.

ओहमकारांना एवढंच सांगेन की मोजमापाशिवाय ऐकू नये हे मला आता मान्य आहे, पण मोजून झाल्यावर ऐकायचं टाळूही नये.

ओहमकार

मान्य. दोन्ही ट्यूबची हार्मोनिक मोजली आणि एकीची दुसरीपेक्षा निम्मी निघाली, तरी कोणती ठेवायची हे मंद्रसप्तकांनीच ऐकून ठरवायचं.

ट्यूब बदलताना हीटरकडे लक्ष ठेवा. ५८१४ए १२एयू७ च्या जागी बसते आणि ६.३ व्होल्टवर ०.३५ अँपिअर घेते, ते चालेल. १२बीएच७ दुप्पट घेते, ०.६. ट्रान्सफॉर्मरला झेपतं का ते आधी बघा. ईसीसी८८ म्हणजेच ६डीजे८ मात्र तशीच्या तशी लावायची नाही. सॉकेट तोच, पण १२एयू७ च्या हीटरचा मधला बिंदू नवव्या पिनवर असतो आणि ईसीसी८८ मध्ये तिथे नुसतं शील्ड. तुमच्या जोडणीत तिचा हीटर पेटणारच नाही. आणि ती पेटली नाही की ६०८० चं काय होतं ते उजेड यांनी वर लिहिलंच आहे.

षड्ज

ओहमकार, म्हणजे माझ्या ३२ ओहमच्या हेडफोनसाठी या सर्किटात काहीच करता येणार नाही का? ६०८० च्या जागी ५९९८ लावतात असं वाचलंय.

ओहमकार

५९९८ चा मू साडेपाचच्या आसपास, ६०८० चा दोन. तिची ट्रान्सकंडक्टन्सही (ग्रिडच्या व्होल्टमागे प्रवाह किती बदलतो ते) जास्त, त्यामुळे आउटपुट रोधकता खाली येते. ३०० ओहमच्या हेडफोनवर खर्ज आवळल्यासारखा वाटेल तो यामुळेच. कॅथोडचे व्होल्टही बदलतील, लावल्यावर पुन्हा मोजून प्रवाहाचा हिशोब करा.

पण ३२ ओहमसाठी तेही पुरणार नाही. अ‍ॅम्पची रोधकता हेडफोनच्या आठव्या हिश्शाइतकी असावी असा साधारण ठोकताळा आहे, म्हणजे तुम्हाला चार ओहम हवेत. ट्रान्सफॉर्मर नसलेला एका ६०८० चा कॅथोड फॉलोअर तिथपर्यंत पोहोचत नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर असलेला अ‍ॅम्प बघा, नाहीतर पुढे ट्यूब आणि मागे मॉस्फेट असा संकरित. घेण्याआधी २०० हर्ट्झचा टोन आणि ३३ ओहमचा एक रझिस्टर सोबत न्या, आणि लोडसहित व लोडशिवाय दोन वाचनं घ्या.

मंद्रसप्तक

हीटरला शंभर-शंभर ओहमचे रझिस्टर आणि तारेत ०.१५ ओहम लावले. पिनांवर आता ६.३१ व्होल्ट. पॉट पूर्ण वर नेऊन, इनपुट शॉर्ट करून ऐकलं, गुणगुण हेडफोन कानाला दाबून धरल्यावरच कळते. बी प्लस १७० च. फिल्टर कपॅसिटर ३५० व्होल्टचे आहेत.

दुसरी १२एयू७ उद्या लावतो. प्लेट आणि कॅथोडची चारही व्होल्टेज आधी टाकतो, ऐकून काय वाटलं ते काही दिवसांनी.